गाडीत स्वस्त डीएसपी बसवावा का? बसवावा, पण आधी त्यात कोणता सिग्नल जातो ते तपासावे

प्रश्नकर्त्याची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. गाडी हॅचबॅक आहे आणि कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ काढायचा नाही. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (प्रत्येक बाजूला खालच्या-मधल्या सुरांचा वूफर आणि वरच्या सुरांचा वेगळा ट्वीटर), चार चॅनेलचा अँप आणि सीटखाली बसणारा, स्वतःचा अँप असलेला छोटा अॅक्टिव्ह सबवूफर असे सामान आधीच बसवलेले आहे. तक्रारी दोन आहेत. गायकाचा आवाज समोरून न येता उजव्या दारातून, गुडघ्यापाशी येतो. आणि आवाज वाढवला की बेस पातळ होऊन वरचे सूर कानाला टोचू लागतात. हाताशी बारा ते पंधरा हजार रुपये आहेत. दुकानदाराचे म्हणणे असे की स्वस्त डीएसपीत (डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे स्टिरिओ आणि अँप यांच्यामध्ये बसून प्रत्येक स्पीकरचा सिग्नल वेगळा घडवणारे उपकरण) ‘डिजिटल नॉइज’ येतो, त्यापेक्षा मोठा अँप घ्यावा. डीएसपी बसवला तर डाव्या सीटवर बसणाऱ्याचे काय, हाही प्रश्न विचारला आहे.

माझे उत्तर असे की या दोन तक्रारींवर मोठा अँप हा उपाय नाही. पहिली तक्रार अंतराची आहे आणि दुसरी बहुधा कंपनीच्या स्टिरिओमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलची आहे. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅटचा अँप लावला तर जास्तीत जास्त ३ डीबी (डेसिबल) आवाज वाढेल, पण गायक उजव्या गुडघ्यापाशीच राहील. कमी किमतीचा डीएसपी पहिली तक्रार जवळजवळ पूर्ण सोडवू शकतो. दुसरी सोडवेल की नाही, हे तुमचा स्टिरिओ काय बाहेर पाठवतो यावर अवलंबून आहे, आणि ते मोजल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

आधी अंतराचे पाहू. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. साधारण हॅचबॅकमध्ये चालकाच्या डोक्यापासून उजव्या दारातला वूफर ८५ सेंटिमीटरवर आणि डाव्या दारातला १४० सेंटिमीटरवर असतो असे धरू. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४.३ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज डावीकडच्यापेक्षा १.६ मिलिसेकंद आधी पोहोचतो. दोन्हीकडून एकच आवाज येत असेल तर जो आधी पोहोचतो त्याच्याच दिशेला तो आवाज आहे असे मेंदू ठरवतो, आणि गाण्यात गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही चॅनेलवर सारखाच असतो. त्यात उजवा स्पीकर जवळ असल्याने मोठाही ऐकू येतो. बॅलन्स डावीकडे सरकवून मोठेपणाचा भाग थोडा सुधारतो, पण वेळेचा फरक तसाच राहतो.

या ५५ सेंटिमीटरच्या फरकाचा आणखी एक परिणाम होतो, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या सुराच्या तरंगलांबीचा अर्धा भाग ५५ सेंटिमीटर भरतो, तिथे डावा आणि उजवा आवाज तुमच्या कानापाशी एकमेकांच्या विरुद्ध पोहोचतात आणि बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात. हा सूर साधारण ३१० हर्ट्झच्या आसपास येतो. पुरुषाच्या आवाजाचा भरीवपणा, तबल्याच्या बायाचा वरचा भाग आणि हार्मोनियमचे मधले सूर याच पट्ट्यात असतात. ‘आवाज पोकळ वाटतो’ म्हणून नवे स्पीकर घेणाऱ्यांपैकी अनेकांना खरे तर हाच खड्डा ऐकू येत असतो.

डीएसपीत प्रत्येक स्पीकरला वेगळा डिले, म्हणजे ठरवून दिलेला उशीर, देता येतो. सर्वांत लांबच्या स्पीकरला शून्य ठेवायचे आणि बाकीचे जितके जवळ असतील तितके त्यांना थांबवायचे. वरच्याच उदाहरणात डावा ट्वीटर १२५ आणि उजवा ७५ सेंटिमीटरवर धरला, तर डाव्या वूफरला ०, डाव्या ट्वीटरला ०.४४, उजव्या वूफरला १.६० आणि उजव्या ट्वीटरला १.९० मिलिसेकंद असे आकडे येतात. स्वस्त डीएसपी ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार नमुने घेत) चालत असला तरी त्याची एक पायरी ०.०२ मिलिसेकंदाची, म्हणजे सुमारे सात मिलिमीटरची असते. एवढे तर सीटवर जरा सावरून बसले तरी डोके हलते. मे महिन्यात नागपूरला उभ्या गाडीच्या आत ४५ अंश झाले की ध्वनीचा वेग वाढून हेच १.६० मिलिसेकंद सुमारे १.५४ होतील, पण तो फरक अडीच सेंटिमीटरच्या आत मावतो. त्यासाठी उन्हाळ्याचे वेगळे सेटिंग करण्याचे कारण नाही.

सीटखालच्या सबवूफरला मात्र हे फुटपट्टीचे गणित लागू पडत नाही. अशा सबवूफरमध्ये स्वतःचे लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढे जाऊ देणारे) असते आणि खालच्या सुरांवर चालणारे प्रत्येक फिल्टर सिग्नलला काही मिलिसेकंद उशीर करते. त्यामुळे तो अंतराने जवळ असूनही वेळेत मागे पडतो. त्याचे स्वतःचे फिल्टर जितके वर नेता येईल तितके न्यावे, क्रॉसओव्हर (कोणते सूर कोणत्या स्पीकरला जावेत याची वाटणी) डीएसपीतच लावावा, आणि मग ८० हर्ट्झच्या आसपास वूफर आणि सबवूफर एकत्र वाजत असताना आवाज कुठे सर्वांत भरीव होतो ते पाहत डिले आणि पोलॅरिटी (जोडणीची अधिक-उणे बाजू) ठरवावी. पोलॅरिटी उलटी केल्यावर बेस जास्त भरीव होत असेल तर ती तशीच ठेवावी. वायरवरच्या खुणा काय सांगतात याला इथे महत्त्व नाही.

आता स्वस्त आणि महाग यांतला फरक. कमी किमतीच्या अनेक डीएसपींत आणि सुट्या बोर्डांत अॅनालॉग डिव्हायसेसची एडीएयू १७०१ किंवा त्याच कुटुंबातली चिप असते. त्या चिपमध्ये दोन आत येणारे आणि चार बाहेर जाणारे कन्व्हर्टर (सिग्नलचे आकड्यांत आणि आकड्यांचे परत सिग्नलमध्ये रूपांतर करणारे भाग) असतात आणि आतले गणित २८ बिटांवर, गरजेप्रमाणे ५६ बिटांवर चालते. तिचेच वाहनांसाठी प्रमाणित भावंड एडीएयू १४०१ या नावाने मिळते. क्रॉसओव्हर आणि इक्वलायझरची सूत्रे सगळीकडे तीच असतात. १०० हर्ट्झवर ४ डीबी कापायचे, तर बारा हजारांचा आणि साठ हजारांचा डीएसपी ते सारखेच कापतात. पैसे जातात ते या गणिताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भागांत: इनपुट किती व्होल्ट सहन करते, आउटपुट किती व्होल्ट देते, वीजपुरवठ्याचा भाग किती शांत आहे, चालू-बंद होताना धप्प आवाज येतो का, आणि सॉफ्टवेअर धड चालते का. म्हणून स्वस्त डीएसपी निवडताना मी किती बँडचा (सुरांच्या किती पट्ट्यांत आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येणारा) इक्वलायझर आहे हे शेवटी पाहतो. प्रत्येक आउटपुटला दहा बँड मिळाले तर तुमच्यासारख्या मांडणीला ते पुरतात.

तुमच्या बाबतीत खरी परीक्षा इनपुटची आहे. कंपनीच्या स्टिरिओला बहुधा आरसीए आउटपुट (बाहेरच्या अँपसाठीचे कमी व्होल्टेजचे वेगळे सॉकेट) नसेल, म्हणजे सिग्नल स्पीकरच्या वायरींतून घ्यावा लागेल. या वायरींच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो आणि शांत असतानाही प्रत्येक टोकावर बॅटरीच्या साधारण निम्मे व्होल्टेज असते. त्यामुळे स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला कधीही जोडू नये; तसे केल्यास स्टिरिओच्या आतला अँप जळू शकतो. डीएसपीचे हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरींतला सिग्नल घेणारे) दोन्ही वायरी वेगळ्या घेणारे असावे आणि त्याने किमान ९ ते १० व्होल्ट सहन करावेत, कारण ४ ओहमवर २० वॅट म्हणजे जवळजवळ ९ व्होल्ट होतात. स्टिरिओवर ‘५० वॅट गुणिले चार’ लिहिलेले असले तरी १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला अखंड, न फाटलेल्या आवाजात तात्त्विक कमाल २६ वॅटच मिळू शकतात, त्यामुळे ५० वॅटचा हिशेब धरून घाबरण्याचे कारण नाही. काही स्वस्त डीएसपी मात्र ५-६ व्होल्टांनाच फाटायला लागतात आणि नंतर दोष ‘डिजिटल’पणाला दिला जातो.

काही स्टिरिओ स्पीकर जोडलेला आहे की नाही हे तपासतात आणि नसल्यास तो चॅनेल बंद करतात. तसे झाले तर प्रत्येक जोडीवर ४७ ओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर समांतर लावावा लागतो. पूर्ण आवाजात त्यावर पावणेदोन वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणून तो प्लॅस्टिकच्या कपलरला टेकणार नाही असा बसवावा. वायरी कापण्यापेक्षा गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारा कपलर वापरावा. वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळे मूळ पदावर आणता येते.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचे मूळही बहुधा इथेच आहे. अनेक गाड्यांचे कंपनीचे स्टिरिओ आवाज वाढेल तसा बेस आपणहून कमी करत जातात, कारण कंपनीने दिलेले हलके स्पीकर फाटू नयेत अशी त्यांची योजना असते. तुम्ही चांगले स्पीकर आणि अँप लावले तरी स्टिरिओला ते ठाऊक नसते. हे तपासायला फार साधने लागत नाहीत. पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला चाचणीचा खरखराट) लावून आवाजाच्या तीन-चार पायऱ्यांवर स्टिरिओच्या आउटपुटचा आलेख घ्यावा आणि आलेख एकमेकांवर ठेवून पाहावेत. सगळे समांतर असतील तर काळजी नाही. वरच्या आवाजाला खालचा भाग खचत असेल, तर डीएसपीतला इक्वलायझर तो कायमचा भरून काढू शकत नाही, कारण तो खड्डा प्रत्येक पायरीवर वेगळा असतो.

अशा वेळी मी स्टिरिओचा आवाज एका ठरावीक आकड्यावर कायम ठेवतो आणि रोजचा आवाज डीएसपीच्या वायर असलेल्या नॉबने कमीजास्त करतो. तो आकडा शोधण्यासाठी पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला १ किलोहर्ट्झचा सूर लावून व्होल्टेज पाहावे; पायरी वाढवूनही व्होल्टेज पूर्वीच्या प्रमाणात वाढेनासे झाले की सिग्नल फाटायला लागला असे समजावे आणि दोन पायऱ्या खाली यावे. स्पीकर त्या वेळी काढून ठेवलेले असावेत. बेसची कपात याच्याही आधी सुरू होत असेल तर तिच्या खालचा आकडा घ्यावा. म्हणूनच स्वस्त डीएसपी घेताना नॉब सोबत येतो का, किंवा वेगळा मिळतो का, हे पाहणे मला बँडच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे वाटते. मोबाइलवरच्या अॅपमधून आवाज कमीजास्त करत गाडी चालवणे धोक्याचे आहे. काही जण गाणी ब्लूटूथने थेट डीएसपीत पाठवतात; ध्वनीच्या दृष्टीने तो मार्ग स्वच्छ आहे, पण फोन, नकाशाच्या सूचना आणि काही गाड्यांत रिव्हर्स सेन्सरचा आवाज स्टिरिओमधूनच येतो, त्यामुळे स्टिरिओची जोडणी ठेवावीच लागते.

दुकानदाराच्या ‘डिजिटल नॉइज’ची शंका अगदीच निराधार नाही, पण त्या एका नावाखाली दोन वेगळे आवाज येतात. इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शिट्टी ही अर्थिंगची अडचण असते. डीएसपी आणि अँप यांची अर्थिंगची वायर बॉडीच्या एकाच जागी, रंग खरवडून घट्ट बसवली आणि डीएसपीची वीज अँपच्याच बॅटरीच्या वायरमधून वेगळा फ्यूज देऊन घेतली, तर बहुतेक शिट्ट्या बंद होतात. त्यानंतरही राहिली तर सिगारेट लायटरमधला स्वस्त मोबाइल चार्जर काढून पाहावा. दुसरा आवाज म्हणजे इंजिन बंद असतानाही येणारा अखंड ‘सू’ असा आवाज. तो अँपचा गेन (आत आलेला सिग्नल किती वाढवायचा याचे सेटिंग) फार वर ठेवल्याने मोठा होतो. डीएसपीचे आउटपुट शक्य तितके वर आणि अँपचा गेन शक्य तितका खाली ठेवावा. दोन व्होल्टऐवजी चार व्होल्ट देणारा डीएसपी असेल तर अँपचा गेन ६ डीबीने खाली आणता येतो आणि तो आवाजही तितकाच खाली जातो. इंजिन बंद, काचा वर आणि गाणे थांबवलेले असताना ट्वीटरला कान लावल्यावरच तो ऐकू येत असेल, तर डीएसपी बदलण्याच्या भानगडीत पडू नये. चालत्या गाडीत तो कधीच ऐकू येणार नाही.

तुमच्याकडे चार चॅनेलचा अँप असल्यामुळे माझा सल्ला असा की कंपोनंटसोबत आलेले पॅसिव्ह क्रॉसओव्हर (अँपनंतर जोडलेले, ट्वीटर आणि वूफरमध्ये सूर वाटणारे डबे) काढावेत आणि दोन चॅनेल ट्वीटरला, दोन वूफरला द्यावेत. मागचे स्पीकर स्टिरिओच्याच ताकदीवर हळू आवाजात राहू द्यावेत किंवा बंद करावेत. असे केले तरच ट्वीटर आणि वूफरला वेगळा डिले देता येतो. यात एक धोका आहे. पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढल्यावर ट्वीटर आणि अँप यांच्यामध्ये संरक्षण उरत नाही, आणि काही स्वस्त डीएसपी बॅटरी काढल्यावर किंवा सॉफ्टवेअर अडकल्यावर सगळी सेटिंग विसरून पूर्ण पट्टीचा सिग्नल सोडतात. म्हणून ४ ओहमच्या ट्वीटरला मालिकेत ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (अधिक-उणे बाजू नसलेला) कपॅसिटर कायमचा ठेवावा. तो सुमारे ८५० हर्ट्झच्या खालचे सूर अडवू लागतो, त्यामुळे तीन हजारांवरच्या क्रॉसओव्हरला विशेष बाधा येत नाही आणि ट्वीटर वाचतो. डीएसपीचे क्रॉसओव्हर आधी लावून, सेव्ह करून, मगच ट्वीटर जोडावेत. अँपची रिमोट वायरही (अँपला चालू होण्याचा इशारा देणारी) स्टिरिओवरून न घेता डीएसपीच्या रिमोट आउटपुटवरून घ्यावी, म्हणजे डीएसपी जागा झाल्यावरच अँप चालू होतो आणि धप्प आवाज येत नाही.

सुरुवातीला वूफरला खालून ८० हर्ट्झ, वूफर आणि ट्वीटरच्या मध्ये ३००० ते ३५०० हर्ट्झ, उतार २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह (सुराची कंपनसंख्या दुप्पट होण्याइतके अंतर), लिंकविट्झ-रायली प्रकार, असे ठेवावे. या प्रकारात क्रॉसओव्हरच्या बिंदूवर दोन्ही स्पीकर ६ डीबीने खाली असतात आणि वेळ जुळलेली असेल तर त्यांची बेरीज सपाट येते. नेमका आकडा तुमच्या ट्वीटरच्या क्षमतेवर आणि तो काचेशेजारच्या खांबावर बसवला आहे की दारात, यावर ठरेल.

त्यानंतर मोजमाप. तुमच्या रकमेतून मी सर्वप्रथम मोजमापाच्या साध्या मायक्रोफोनसाठी पैसे बाजूला ठेवीन. रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पिंक नॉइज लावून मायक्रोफोन डोक्याच्या जागेभोवती सावकाश फिरवत सरासरी आलेख घ्यावा. एकाच बिंदूवर धरलेल्या मायक्रोफोनचा आलेख गाडीत फसवा असतो. डावी आणि उजवी बाजू स्वतंत्र मोजून दोन्ही आलेख एकमेकांसारखे करण्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा. गायक काचेसमोर मधोमध उभा राहतो तो डिलेइतकाच या साम्यामुळे. सपाट आलेख मात्र गाडीत कोरडा वाटतो. धावत्या गाडीत रस्त्याचा घरघराट खालचे सूर झाकतो, म्हणून ६० हर्ट्झच्या खालचा भाग मधल्या सुरांपेक्षा ८ ते १० डीबी वर आणि वरचा भाग हळूहळू उतरता ठेवतात.

इक्वलायझर वापरताना उंचवटे कापावेत, खड्डे भरू नयेत. आवाज एकमेकांना खाऊन टाकतात तिथे ६ डीबी वाढवणे म्हणजे अँपकडून चौपट ताकद मागून तळ फुटलेल्या माठात पाणी ओतण्यासारखे आहे. असा खड्डा दिसला तर आधी डिले, पोलॅरिटी आणि क्रॉसओव्हर तपासावेत. दाराचा पत्रा थरथरत असेल तर तेही डीएसपीच्या हाताबाहेरचे काम आहे. दारांचे डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणारे थर चिकटवणे) झाले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. झाले नसेल, तर पुढच्या दोन दारांचे डॅम्पिंग आणि मायक्रोफोन यांचे पैसे आधी वेगळे काढून उरलेल्या रकमेत बसेल तो डीएसपी घ्यावा, मग त्याचे दोन बँड कमी असले तरी चालतील.

स्टिरिओ बदलायची तयारी असती तर उत्तर थोडे वेगळे झाले असते. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या काही स्टिरिओंमध्ये प्रत्येक स्पीकरचा डिले आणि ट्वीटर-वूफरचे क्रॉसओव्हर आतच असतात, तेव्हा वेगळ्या डीएसपीची गरज कमी होते. ‘डीएसपी’ असे लिहिलेल्या स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओंपैकी बऱ्याचशांत मात्र फक्त इक्वलायझर आणि चार कोपऱ्यांचा ढोबळ डिले असतो.

राहिला डाव्या सीटचा प्रश्न. चालकासाठी दिलेला डिले डाव्या सीटला नुकसानच करतो. तिथे डावा स्पीकर आधीच जवळ असतो आणि उजव्याला तुम्ही आणखी थांबवलेले असते, त्यामुळे १.६ मिलिसेकंदांचा फरक दुपटीने वाढून ३.२ होतो आणि त्या बाजूला बसणाऱ्याला सगळे गाणे डाव्या दारातूनच ऐकू येते. दोन्ही सीटना एकाच वेळी न्याय देणे स्वस्त डीएसपीला सहसा जमत नाही; त्यासाठी लागणारी ऑल-पास फिल्टरे (सुराची पातळी न बदलता फक्त त्याची वेळ सरकवणारी) त्यांत क्वचितच असतात. व्यवहारातला मार्ग दोन प्रीसेटचा (साठवून ठेवलेल्या सेटिंगच्या संचांचा) आहे: एकात चालकासाठी पूर्ण डिले, आणि दुसऱ्यात डाव्या-उजव्यांतला डिलेचा फरक काढून, दोन्ही बाजूंची पातळी सारखी ठेवून, इक्वलायझर दोन्ही सीटांच्या सरासरी आलेखावर बेतलेला. दुसऱ्या प्रीसेटमध्येही प्रत्येक बाजूच्या ट्वीटर आणि वूफरमधला परस्पर फरक, म्हणजे वरच्या उदाहरणातले ०.३ ते ०.४४ मिलिसेकंद, तसाच ठेवावा. विकत घेण्यापूर्वी दुकानात एवढे पाहून घ्या की प्रीसेट नॉबवरून किंवा एखाद्या बटनावरून बदलता येतो का, बदलताना आवाज तुटतो की धप्प होतो, आणि बॅटरीची वायर काढून पुन्हा लावल्यावर दोन्ही प्रीसेट जागेवर असतात का.